परक्या माशाचा माग आणि त्याच्या पुढच्या वाटेचा अंदाज

प्रश्न : आपल्या समुद्रातला लायनफिश अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आणि भूमध्य समुद्रात उपद्रवी ठरला आहे, असे वाचनात आले. तो कुठवर पसरला हे कसे कळते आणि पुढे कुठे जाईल हे आधी सांगता येते का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : लायनफिश मूळचा हिंदी आणि प्रशांत महासागरांतला. अटलांटिकमध्ये तो पोहोचला तो बहुधा हौसेने पाळलेले मासे समुद्रात सोडून दिल्यामुळे. फ्लोरिडाजवळची त्याची पहिली नोंद १९८५ची आहे. २००४ मध्ये तो बहामा बेटांजवळ होता आणि २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखाताच्या उत्तर भागातही सापडला. हा प्रवास आज वर्षवार नकाशावर पाहता येतो, कारण अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेने संशोधकांबरोबरच पाणबुड्यांनी आणि मच्छीमारांनी कळवलेल्या नोंदीही ठिकाण आणि तारखेसह सार्वजनिक माहितीसंचात जपल्या आहेत. मला या साध्या नोंदी सर्वांत मोलाच्या वाटतात, कारण पुढची सारी गणिते त्यांच्यावरच उभी राहतात.

अंदाज बांधताना दोन गोष्टी पाहतात : तो मासा तिथे जगेल का आणि तिथवर पोहोचेल का. पाणी सुमारे १० अंश सेल्सिअसपर्यंत थंड झाले की लायनफिश मरतो, हे प्रयोगांतून कळले आहे. त्यामुळे गल्फ स्ट्रीम या उबदार सागरी प्रवाहाबरोबर उन्हाळ्यात न्यूयॉर्कजवळ वाहत गेलेली पिल्ले हिवाळ्यात तगत नाहीत. पोहोचण्याचा प्रश्न अधिक अवघड आहे. मादी काही दिवसांच्या अंतराने हजारो अंडी घालते आणि त्यांतून निघालेली सूक्ष्म पिल्ले आठवडेच्या आठवडे प्रवाहाबरोबर वाहत राहतात. म्हणून सागरी प्रवाहांच्या संगणकीय प्रारूपात पिल्लांच्या जागी हजारो कण सोडून ते कुठे जाऊन थांबतात हे पाहिले जाते.

तरीही अंदाज चुकतात. भूमध्य समुद्रात हा मासा पसरण्याची शक्यता कमी आहे, असा निष्कर्ष २०१४ मध्ये अशाच एका प्रारूपावरून काढला गेला होता, आणि दोनच वर्षांत सायप्रसजवळ तो वसती करू लागल्याचे संशोधकांनी जाहीर केले. ॲमेझॉनच्या मुखापाशी पसरणारे गोडे, गढूळ पाणी त्याला दक्षिणेकडे जाऊ देणार नाही असे मानले जाई. पण त्या पाण्याखालच्या खोल प्रवाळ भागात तो आढळला आणि २०२० मध्ये ब्राझीलच्या फर्नांडो दे नोरोन्या बेटांजवळही दिसला. म्हणून प्रारूपाच्या नकाशाचा उपयोग आधी कुठे शोधायचे हे ठरवण्यासाठी करावा. नकाशात एखाद्या ठिकाणी रंग फिका, म्हणजे शक्यता कमी दिसते, म्हणून तिथला शोध थांबवू नये.

प्रश्न : लवकर कळले, तर परकी प्रजाती हटवता येते का?

उत्तर : क्वचित येते. कॅरिबियन भागातला काळ्या पट्ट्यांचा छोटा शिंपला विशाखापट्टणम आणि मुंबईच्या बंदरांत कित्येक दशकांपासून ठाण मांडून आहे. तोच शिंपला १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातील डार्विन शहराच्या नौका-धक्क्यांत सापडला. सहा महिन्यांपूर्वीच्या पाहणीत तो नव्हता, हे नोंदलेले असल्यामुळे तो नुकताच आला आहे हे लगेच ओळखता आले. त्या धक्क्यांना पाणी अडवणारे दरवाजे होते. ते बंद करून आत क्लोरीन आणि मोरचूद सोडले आणि काही आठवड्यांत त्याचा नायनाट केला. उघड्या किनाऱ्यावर हा उपाय करता येत नाही.