पुस्तकं गेटवरून परत आली, पण लेखी नकार कुठे आहे?

ताई, तुमच्यासारखीच पत्रं मला सावंतवाडीहून आली, अलिबागहूनही आली. तुमचा भाऊ आठ महिने रत्नागिरीच्या कारागृहात कच्चा कैदी आहे, म्हणजे खटल्याचा निकाल लागायचा आहे. तिथली मिळतील ती पुस्तकं वाचून संपवलीत आणि आता मुक्त विद्यापीठातून बी.ए. करायचं म्हणतोय. तुम्ही गुहागरहून दोनदा पुस्तकं नेलीत, ती गेटवरूनच परत आली. त्यात गावात कुणी सांगितलं, की गुन्हा कबूल करा, शिकलेल्याला माफी मिळते.

हे शेवटचं आधी डोक्यातून काढा. माफी म्हणजे शिक्षेच्या दिवसांत सूट, आणि भावाला शिक्षा झालेलीच नाही. पदवी घेतलेल्या पक्क्या, म्हणजे शिक्षा झालेल्या, कैद्यांना महाराष्ट्रात तीन महिन्यांपर्यंत माफी मिळालेली आहे. पण तेवढ्यासाठी कबुली दिली, तर जन्मभराचा डाग लागेल.

तुमचं घोडं अडलंय ते एका कागदावर. आठ महिन्यांत तुम्ही एकही अर्ज लेखी दिला नाहीत आणि नकारही तोंडीच ऐकून घेतलात. गेटवरचा शिपाई काय म्हणाला, यावर कोर्टात काहीही उभं राहत नाही. इतके दिवस फुकट गेले याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण वाचायला मागणारा माणूस आत बसून आहे.

कम्युनिस्ट कार्यकर्ते प्रभाकर संझगिरी स्थानबद्ध, म्हणजे खटल्याविना तुरुंगात, असताना त्यांनी अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिलं. हस्तलिखित छपाईसाठी बाहेर पाठवायची परवानगी त्यांनी सरकारकडे मागितली आणि १९६४ मध्ये सरकारने ती पत्राने नाकारली. त्या नकारालाच त्यांनी आव्हान दिलं आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत जिंकले. त्याच काळात नागपूरच्या तुरुंगात जॉर्ज फर्नांडिस यांच्यावर बारा पुस्तकांची मर्यादा घातली होती, ती उच्च न्यायालयाने टिकू दिली नाही. दोघेही स्थानबद्ध होते, त्यामुळे हे निकाल तुमच्या भावाला जसेच्या तसे लागू होतील असं मी म्हणणार नाही. पण नियमात नसलेलं बंधन तुरुंगाला मनाने घालता येत नाही, हा आधार भक्कम आहे.

तेव्हा या आठवड्यातच अधीक्षकांच्या नावे अर्ज करा. पुस्तकांची नावं लिहा, तपासणीला हरकत नाही असं लिहा, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. शिक्का देत नसतील तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. एक प्रत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला द्या. कोठडीतल्या माणसाला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. पुढच्या तारखेला भावानेही न्यायाधीशांना स्वतः सांगावं. एवढं करून नकार आला, तर दाद मागायला हातात काहीतरी असेल.

प्रवेश मिळाला तर परीक्षेला बसण्याचा अर्ज वेळापत्रक हाती येताच खटल्याच्या कोर्टात द्या. कोकणात गणपती आणि शिमग्याच्या दिवसांत कैद्याबरोबर पाठवायला पोलीस मिळणं कठीण. कोर्टाच्या तारखाही लांबतात, आणि त्या लांबणीत विद्यार्थ्याचं वर्ष जातं याची कुणाला फिकीर नसते.

आणि कलम कोणतं लागलंय, ते तुम्ही लिहिलंच नाही! पूर्वी शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम ४७९ खाली तो बंधपत्रावर सुटू शकतो. गुन्हा फाशी किंवा जन्मठेपेचा असेल, वा आणखी खटले चालू असतील, तर नाही. दोषारोपपत्राची प्रत पाठवा, मग यावर बोलू.