माणूस गेला, पण बाबांची बाही दोनदा आली!

प्रश्न : आईबाबांचा मेणवलीच्या घाटावरचा फोटो आहे, मागे पायऱ्यांवर एक अनोळखी माणूस मोबाईल धरून उभा आहे, त्याचं कोपर बाबांच्या खांद्यामागे गेलंय. फोटोशॉपमध्ये क्विक सिलेक्शनने (ब्रश फिरवला की कडा ओळखून निवडणारं टूल) त्याला धरलं आणि कंटेंट-अवेअर फिल (निवडलेली जागा फोटोतल्याच इतर भागाने भरणारी सोय) मारलं. माणूस गेला, पण त्याच्या आकाराची फिकट रेघ राहिली आणि पायरीवर बाबांच्या शर्टाची बाही उगवली! भाचा म्हणतो एआयवालं टूल वापर. काय करू?

उत्तर : भाच्याला जरा थांबवा, एआय जे भरतं ते स्वतःच्या मनाने बनवतं, आणि घाटाच्या पायऱ्या घाटाच्याच दिसायला हव्यात ना. तुमचा घोळ टूलमध्ये नाहीये, सिलेक्शनमध्ये आहे आणि भरायचा माल कुठून उचलायचा त्यात आहे.

रेघ राहते कारण सिलेक्शन माणसाला अगदी चिकटून केलंय. कडेच्या पिक्सेलमध्ये त्याचा रंग आणि दगडाचा रंग मिसळलेला असतो, ते बाहेर राहिले की भूत दिसतं. सिलेक्ट मेनूत मॉडिफाय, त्यात एक्स्पांड, चार-पाच पिक्सेल द्या (फोटो मोठा असेल तर जास्त). पण मग सिलेक्शन बाबांच्या खांद्यातही घुसणार, म्हणून लगेच लॅसो (हाताने रेघ ओढून निवडायचं टूल) घ्या, ऑल्ट दाबून खांद्याचा भाग वजा करा. आणि शिफ्ट दाबून त्या माणसाची पायरीवरची सावलीसुद्धा धरा, ती सगळे विसरतात आणि मग फोटोत माणूस नाही पण सावली आहे असा प्रकार होतो.

आता बाहीचं. एडिट मेनूतलं कंटेंट-अवेअर फिल उघडलं की फोटोवर हिरवा थर दिसतो (२०१९च्या आवृत्तीपासून ही वेगळी खिडकी आहे), जिथे हिरवं तिथूनच सॉफ्टवेअर माल उचलतं. तुमच्याकडे आईबाबा पण हिरव्यात होते, मग बाही येणारच! त्याच खिडकीतल्या वजा चिन्हाच्या ब्रशने दोघांवरचं हिरवं पुसा, पाणी आणि आकाशावरचं पण पुसा, फक्त पायऱ्या ठेवा. आउटपुट न्यू लेयरवर (मूळ फोटोच्या वरच्या वेगळ्या थरावर) घ्या, मूळ फोटोला हात लागत नाही.

तरी पायरीची कड एखाद्या ठिकाणी तुटेल, सरळ रेषेत हे टूल हमखास मार खातं. तिथे क्लोन स्टॅम्प (एका जागेची नक्कल दुसरीकडे उमटवणारं टूल) घ्या, शेजारच्या धड कडेवर ऑल्ट-क्लिक करायचं आणि तुटलेल्या कडेवर नेमकं त्याच रेषेत टेकवायचं, ब्रश फार मऊ नको नाहीतर दगड धुरकट होतो. खांद्याजवळ मात्र झूम करून हातानेच करा, दहा मिनिटं जातील, जाऊ द्या.

प्रश्न : अर्धा तास खपून केलेलं सिलेक्शन चुकून क्लिक झालं की जातं, उपाय?

उत्तर : लगेच कंट्रोल-शिफ्ट-डी दाबा, परत येतं. आणि कष्टाचं सिलेक्शन असेल तर सिलेक्ट मेनूत सेव्ह सिलेक्शन करून फाईल पीएसडीमध्ये (फोटोशॉपच्या स्वतःच्या फाईल प्रकारात) ठेवा, जेपेगमध्ये ते टिकत नाही.