पुण्याहून एका दिवसात परत येता येईल असं काही विचित्र, गूढ ठिकाण आहे का? किल्ले आणि धबधबे नकोत.

निघोजचे रांजणखळगे बघा. पारनेर तालुक्यात, शिरूरमार्गे साधारण नव्वद किलोमीटर. शाळेच्या भूगोलात ‘नदीचे कार्य’ शिकताना भेटलेले हेच ते खळगे, फक्त इथे ते कुकडीच्या पात्रात एकमेकांत घुसलेले दिसतात. नदीबरोबर आलेले गोटे भोवऱ्यात अडकून गरगर फिरत राहिले आणि त्यांनी बेसॉल्टचा कठीण खडक जात्यासारखा कोरत नेला. वाकून बघितलं तर काही खळग्यांच्या तळाशी ते गोटे अजून पडलेले असतात. ‘आशियात सर्वांत मोठे’ वगैरे दावे सोडून द्या, त्याशिवायही जागा थक्क करते. काठावरच मळगंगा देवीचं मंदिर आहे. चैत्रातल्या यात्रेत बारवेतून घागर आपोआप वर येते अशी श्रद्धा आहे; गूढच हवं असेल तर तेव्हा जा, पण गर्दी प्रचंड. वेळ उरला तर त्याच तालुक्यात वडगाव दर्या, तिथल्या गुहेत छतातून लोंबणारे चुन्याचे स्तंभ आहेत.

मात्र पावसाळ्यात नको. खळगे पाण्याखाली जातात, खडक निसरडा असतो आणि खोली अजिबात कळत नाही. डिसेंबर ते मे ठीक, तेही सकाळी लवकर, कारण खडक भयंकर तापतो.