पीएलसीचं (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचं) रिले आउटपुट मॉड्यूल वर्षभरही टिकत नाही. रेटिंग २ अँपिअर, व्हॉल्व्ह फक्त १० वॅटचा, २४ व्होल्ट डीसी. ट्रान्झिस्टर मॉड्यूल घ्यावं का?

वर्ष? आमचं एकेक आउटपुट चार महिन्यांत जायचं आणि खापर फुटायचं माझ्या प्रोग्रामवर.

रबाळे एमआयडीसीत लिक्विड साबण भरायचं मशीन होतं. दहा सेकंदांना एक डबा, दोन शिफ्ट. एका रात्री फिलिंग व्हॉल्व्ह उघडला तो मिटेचना. मी घणसोलीहून रिक्षाने पोचलो तोवर फ्लोअरभर फेस आणि ऑपरेटर एकदा आपटून झालेला. आउटपुटचा एलईडी विझलेला, व्हॉल्व्ह मात्र चालू. म्हणजे रिलेचा, मॉड्यूलमधल्या विजेवर चालणाऱ्या स्विचचा, कॉन्टॅक्ट चिकटला. मेंटेनन्सच्या साहेबांचं एकच पालुपद, "सॉफ्टवेअर हँग झालं." वायर स्पेअर आउटपुटवर टाकायला लावली, मी प्रोग्राममध्ये ॲड्रेस बदलला, मशीन सुरू. असे तीन स्पेअर खाल्ले. दर वेळी साहेब म्हणणार, "बघ, प्रोग्राम बदलल्यावर चाललं ना?" आता यावर काय बोलणार!

२ अँपिअर हा आकडा हीटरसारख्या लोडचा. तुमच्या व्हॉल्व्हची कॉइल ०.४ अँपिअरच घेते, पण बंद होताना तिचा व्होल्टेज शेकड्यांत उसळतो आणि कॉन्टॅक्टवर ठिणगी पडते. शिवाय कॅटलॉगातलं कोटीच्या घरातलं आयुष्य मेकॅनिकल असतं. पूर्ण लोडवर लाखभर स्ट्रोक (चालू-बंद) धरा, कमी लोडवर काही लाख. आमचे दिवसाला ५,७६० व्हायचे. करा हिशोब.

कॉइलच्या दोन टोकांत उलटा डायोड लावा, वन एन ४००७; ती उसळी तिथेच जिरते. चहापेक्षा स्वस्त. मी पहिल्याच रात्री मागितला होता, "मशीन बनवणाऱ्याने लावला नाही, आपण का लावायचा?" म्हणून नाकारला. शेवटी अख्खं मॉड्यूल बदललं.

ट्रान्झिस्टर घ्या, खुशाल घ्या. सतत चालू-बंद होणाऱ्या डीसी व्हॉल्व्हला रिले मॉड्यूल देणं हा माझ्या मते डिझाइनचा आळस आहे. पण त्यात बहुधा ०.५ अँपिअरच मिळतो आणि एसी लोड चालत नाही. एसी कॉन्टॅक्टर (मोटर वगैरे चालू-बंद करणारा मोठा स्विच) असेल तर मध्ये बेसवाला रिले टाका, गेला की उपटून दुसरा बसवता येतो.

हो, डायोडचा पट्टा प्लसकडे. पट्टा मायनसकडे गेला तर शॉर्ट. एसी कॉइलला डायोड नको, आरसी स्नबर (रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) लावा. आणि डायोडमुळे व्हॉल्व्ह जरा उशिरा मिटतो, तेव्हा डब्यातलं वजन पुन्हा सेट करावं लागेल.

तुमचेही साहेब प्रोग्राम-प्रोग्राम करत असतील तर सप्लाय बंद करा, आउटपुटची वायर काढा आणि आउटपुट आणि कॉमन टर्मिनल यांच्यामध्ये मीटर कंटिन्युइटीवर लावा. वाजला तर कॉन्टॅक्ट चिकटलेला आहे. पण हे साहेबांना शेजारी उभं करूनच करा. मी एकट्याने केलं आणि सकाळी तोंडी सांगायला गेलो.