‘कुराइ नारा’ : बरं, की परवडलं?

एन३ (जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेची मधली पातळी) परीक्षेची तयारी करणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे. जपानीत ‘...योरी ...होऽ गा इइ’ आणि ‘...कुराइ नारा ...होऽ गा माशि’ असे दोन प्रयोग आहेत आणि मराठीत दोन्हींचा अर्थ ‘त्यापेक्षा हे बरं’ असाच होतो. मग फरक काय आणि कुठे कुठला वापरायचा?

गोंधळ होतो तो आपल्या ‘पेक्षा’मुळे. हा शब्द मराठीत सगळीकडे राबतो. ‘बसपेक्षा ट्रेन लवकर पोचते’ यातही तोच आणि ‘त्याच्या तोंडाला लागण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं’ यातही तोच. पहिल्या वाक्यात नुसती तुलना आहे. बसवर कुणाचा राग नाही. दुसऱ्यात वैताग आहे. जपानी भाषा इथे दोन वाटा करते. ‘बासु योरी देन्शा नो होऽ गा हायाइ’ ही साधी तुलना ‘योरी’नेच होते, तिथे ‘कुराइ नारा’ चालत नाही. चहापेक्षा कॉफी आवडते हे सांगायलाही ‘योरी’च हवं.

‘कुराइ’ हा शब्द पाहिला की फरक उलगडतो. नाम म्हणून त्याचा अर्थ पद, दर्जा. राजा गादीवर बसतो त्याला ‘कुराइ नि त्सुकु’ म्हणतात. त्यावरून ‘इतपत’, ‘या थरापर्यंत’ हा अर्थ आला. ‘नारा’ म्हणजे ‘असेल तर’. तेव्हा ‘कुराइ नारा’चा गाभा ‘या थराला जायची वेळ येणार असेल तर’ असा आहे. त्यात तुलनेपेक्षा अट जास्त आहे. हे वाक्य बघा:

आइत्सु नि आतामा ओ सागेरु कुराइ नारा, काइशा ओ यामेरु.

‘त्याच्यापुढे मान झुकवायची वेळ येणार असेल तर नोकरी सोडेन.’ नोकरी सोडणं बोलणाऱ्याला आवडतं असं मुळीच नाही. पहिली गोष्ट इतकी नकोशी आहे की दुसरी नुकसानीची असली तरी चालेल, एवढंच तो सांगतोय.

म्हणूनच याच्या जोडीला ‘माशि’ येतो (मराठी माशी इथे शिंकत नाही, निर्धास्त असा). हा ‘वाढणे’ या अर्थाच्या ‘मासु’ क्रियापदातून आलेला, पण आज त्याचा अर्थ ‘दोन वाइटांतलं त्यातल्या त्यात बरं’. ‘किनोऽ योरी वा माशि दा’ म्हणजे कालच्यापेक्षा ठीक आहे, चांगलं अजून नाही. कुणी प्रेमाने जेवू घातल्यावर तुम्ही ‘माशि’ म्हणालात तर पुढच्या वेळी बोलावणं येणार नाही. मला विचाराल तर ‘माशि’ला मराठीत सगळ्यात जवळचा शब्द ‘बरं’ नसून ‘परवडलं’ आहे:

आन्ना हितो तो केक्कोन सुरु कुराइ नारा, इश्शोऽ दोकुशिन दे इता होऽ गा माशि दा.

‘असल्या माणसाशी लग्न करण्यापेक्षा जन्मभर एकटं राहिलेलं परवडलं.’ यातला ‘इता’ बघा. गोष्ट अजून घडलेली नाही, तरी रूप भूतकाळी आहे. आपणही ‘राहिलेलं परवडलं’, ‘केलेलं बरं’ असंच म्हणतो, त्यामुळे मराठी माणसाला हे रूप पाठ करावं लागत नाही. घोळ होतो नकारात. मराठीत ‘न केलेलं बरं’ चालतं, म्हणून आपण ‘यारानाकात्ता होऽ गा इइ’ म्हणून बसतो. सल्ला देताना जपानीत नकार वर्तमानातच राहतो: ‘तोचुऽ दे यामेरु कुराइ नारा, साइशो कारा यारानाइ होऽ गा इइ.’ म्हणजे, अर्ध्यावर सोडायचं असेल तर मुळात हातात न घेतलेलं बरं.

‘कुराइ नारा’च्या आधीचं क्रियापद मात्र नेहमी मूळ रूपात, पश्चात्ताप चालला असला तरीही. ‘कोन्ना नि मातासारेरु कुराइ नारा, आरुइते इकेबा योकात्ता.’ ताटकळणं कधीच झालेलं आहे, तरी ‘मातासारेता’ होत नाही. याचं मराठी करताना ‘पेक्षा’ सोडून द्या: ‘इतकं ताटकळायचंच होतं तर चालत गेलो असतो.’ आपला ‘-च’ आणि ‘तर’ मिळून ‘कुराइ नारा’चं काम चोख करतात. ‘सुतेरु कुराइ नारा, वाताशि नि कुदासाइ’ याचंही ‘टाकण्यापेक्षा मला द्या’पेक्षा ‘टाकायचंच असेल तर मला द्या’ हे जास्त जपानी वळणाचं.

जपून वापरा, एवढं मात्र सांगेन. मदत करायला आलेल्या सहकाऱ्याला ‘आनाता नि तानोमु कुराइ नारा, जिबुन दे शिमासु’ म्हणालात तर ‘तुम्हाला सांगायची पाळी येण्यापेक्षा मीच करतो’ असा टोमणा होतो, शेवटी ‘शिमासु’ लावून कितीही नम्र केलं तरी.

परीक्षेबद्दल थोडकं. 2010 साली पाच पातळ्या झाल्यापासून व्याकरणाची अधिकृत यादी छापली जात नाही, म्हणून हा प्रयोग कुठल्या पुस्तकात एन३मध्ये सापडतो, कुठे एन२मध्ये. चार तुकडे जुळवून ताऱ्याच्या जागी काय येईल ते सांगायचं असतं, त्या प्रश्नात वाक्याचं शेपूट आधी बघा. ‘माशि दा’ दिसलं की अलीकडे ‘होऽ गा’ आणि त्याच्याही अलीकडे ‘कुराइ नारा’ असण्याची शक्यता बरीच.

याच्याच शेजारी ‘तो इउ योरी’ शिकवतात, पण तो निवड करत नाही, शब्द दुरुस्त करतो. ‘सुझुशिइ तो इउ योरी सामुइ’ म्हणजे ‘गारवा कसला, थंडी आहे ही’.

आणि नामापुढे ‘कुराइ नारा’ आला तर वैताग शोधू नका. ‘हिरागाना कुराइ नारा योमेरु’ म्हणणारा माणूस फक्त ‘हिरागाना (जपानीची सोपी लिपी) तेवढी वाचता येते’ असं सांगतोय. थर तोच, पण इथे तो खालच्या पायरीचा आहे. कांजी, म्हणजे चिनीतून आलेली अवघड अक्षरं, पुढे केलीत तर तो हात वर करील.