एमपीएच करायचंय, पण आकड्यांची भीती वाटते

प्रश्न : ताई, मी डेंटिस्ट आहे. एका मुलाचे किडलेले दात नीट करून पाठवते तर थोड्या दिवसांनी त्याचंच धाकटं भावंड तसेच दात घेऊन खुर्चीत. म्हणून पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स (एमपीएच) करावंसं वाटतंय, पण शाळा सुटल्यापासून गणिताला हात लावलेला नाही आणि घरचे म्हणतात चांगली डॉक्टरकी सोडून तक्ते भरत बसणार का. काय करू?

उत्तर : अगं, धाकटं भावंडही तसंच आलं हे तुला खटकलं ना, तिथेच अर्धं उत्तर आलं. आता गणिताचं. बायोस्टॅट, म्हणजे आरोग्याच्या आकड्यांचं शास्त्र, असतं, ते टळत नाही, पण आकडेमोड सॉफ्टवेअर करतं, तुला शिकायचं असतं ते भागाकारात खाली काय घ्यायचं हे. 1854 च्या लंडनमधल्या कॉलऱ्याचं बघ. जॉन स्नो या डॉक्टरने एका पंपाच्या पाण्यातून कॉलरा पसरतोय हे दाखवलं, तो पंप या क्षेत्रात सगळ्यांना माहीत असतो, पण मला त्याचं दुसरं काम जास्त भारी वाटतं. दोन कंपन्या पाणी पुरवत होत्या, काही भागांत तर एकाच रस्त्यावर दोघींचे पाइप. एक शहरातलंच घाण मिसळलेलं नदीचं पाणी द्यायची, दुसरी 1852 पासून वरच्या अंगाचं स्वच्छ पाणी घ्यायला लागली होती. पहिलीच्या 40,046 घरांत 1,263 मृत्यू, दुसरीच्या 26,107 घरांत 98. म्हणजे दर दहा हजार घरांमागे साधारण 315 विरुद्ध 37. यात भागाकारापलीकडे काही नाहीये, पण कुठल्या घरात कुणाचं पाणी येतं हे शोधायला माणसं दारोदार हिंडली, खरं काम ते. तुझ्याकडे तर फक्त दुखणारे दात येतात, न आलेली मुलं किती, त्यांच्या तोंडात काय चाललंय हे क्लिनिकमध्ये बसून कधीच कळणार नाही.

घरच्यांना तुझ्याच फील्डमधलं सांग. 1945 मध्ये अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्स शहरात दात किडू नयेत म्हणून नळाच्या पाण्यात फ्लोराइड मोजून टाकायला सुरुवात केली, 11 वर्षांनी बघितलं तर फ्लोराइड सुरू झाल्यावर जन्मलेल्या मुलांमधली दातांची कीड 60 टक्क्यांहून जास्त घटलेली. (सगळीकडे असंच करा असं नाही हां, काही ठिकाणी पाण्यात आधीच फ्लोराइड जास्त असतं आणि त्याने दात नि हाडं दोन्ही बिघडतात, म्हणून आधी मोजायचं.) पण 11 वर्षं! आज फिलिंग केलं, पेशंट हसत गेला, ते सुख इथे नाही मिळत आणि बऱ्याच जणांना दुसऱ्या सेमिस्टरलाच ते जाणवतं, तेव्हा त्याचा विचार गणितापेक्षा जास्त कर.

डॉक्टरच लागतात असंही नाही, वर्गात नर्स, फार्मसीवाले, सोशल वर्कवाले, स्टॅटवाले सगळे असतात. कोर्स निवडताना नावावर जाऊ नकोस, फील्डवर्क किती आठवडे आणि डिसर्टेशनला (शेवटच्या प्रबंधाला) स्वतः डेटा गोळा करू देतात का ते सीनियर्सना विचार, कारण तयार डेटावर दोन ग्राफ काढून पास झालेल्याला फॉर्ममधला एक प्रश्न चुकीचा विचारला की सगळा सर्व्हे कसा वाया जातो ते कळतच नाही.

आणि प्रॅक्टिस लगेच बंद करू नकोस. फॉर्म भरायच्या आधी एपिडेमिऑलॉजीचा, म्हणजे आजार कुणाला, कुठे, का होतात याच्या अभ्यासाचा, एखादा छोटा ऑनलाइन कोर्स कर, सोबत तुझ्याच पेशंट मुलांची वयं आणि किडलेले दात यांचा साधा तक्ता करून बघ. तो बघताना पुढचे प्रश्न सुचत राहिले तर फॉर्म भर.