वस्तीतले खाणेपिणे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : नोकरीनिमित्त आम्ही एका मोठ्या शहरातील जुन्या, गजबजलेल्या भागात नुकतेच राहायला आलो आहोत. घराबाहेर पाऊल टाकताच खाण्याच्या गाड्या, खानावळी आणि लहानमोठी उपाहारगृहे दिसतात. मला हे सारे चाखून पाहायचे आहे. परंतु घरच्यांना पोट बिघडण्याची धास्ती वाटते. कोठे खावे, हे नवख्या माणसाने कसे ओळखावे?

उत्तर : आपली इच्छा अगदी योग्य आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात रोज सुमारे २५० कोटी माणसे रस्त्यावर विकले जाणारे अन्न खातात, आणि त्यांतील बहुतेकांच्या दृष्टीने ते रोजचे साधे जेवण असते. घरच्यांची काळजीही निराधार नाही. मात्र ती बहुधा चुकीच्या जागी लागलेली असते. आपण फरशी, टेबल आणि पाटीचा रंग पाहून ठिकाण पारखतो. वास्तविक पाहायला हवे ते हे की अन्न विस्तवावरून उतरल्यानंतर किती वेळाने आपल्या ताटात येते.

याचे कारण सरळ आहे. अन्न बिघडवणारे जंतू साधारणपणे ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात झपाट्याने वाढतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित अन्नविषयक मार्गदर्शनात अन्न आतपर्यंत किमान ७० अंशांपर्यंत तापवावे, वाढेपर्यंत ६० अंशांच्या वर ठेवावे आणि शिजलेले अन्न दोन तासांपेक्षा अधिक काळ उघड्या हवेच्या तापमानाला राहू देऊ नये, असे सांगितले आहे. ज्या गाडीवर कढईतून निघालेला पदार्थ लगेच गिऱ्हाइकाच्या हाती जातो, तेथे हा नियम कोणी न शिकवताही पाळला जातो. याउलट झकपक उपाहारगृहात सकाळी शिजवून कोमट भांड्यात ठेवलेला पदार्थ दुपारी वाढला गेला, तर तेथील स्वच्छ टेबल काहीच उपयोगाचे नसते.

त्यामुळे पहिले काही दिवस केवळ निरीक्षणाला द्यावेत, असे मी आग्रहाने सुचवतो. कोणत्या ठिकाणी कोणत्या वेळी खप असतो, हे पाहावे, कारण एकाच दुकानाचा सकाळचा पदार्थ उत्तम आणि संध्याकाळी उरलेला तोच पदार्थ टाळण्याजोगा असू शकतो. जेथे चार-पाचच पदार्थ होतात, तेथील माल सहसा लवकर संपतो. लांबलचक यादी असलेल्या ठिकाणी न खपणाऱ्या पदार्थांची सामग्री कोठे आणि किती दिवस पडून राहत असेल, हा विचार मनात यायलाच हवा. गर्दी ही चांगली खूण आहे, पण ती एकटी पुरेशी नाही. गर्दीसाठी आधीच रचून ठेवलेला ढीग आणि गर्दीसमोर तयार होणारा पदार्थ यांत मोठे अंतर आहे. पैसे घेणारा हात आणि अन्नाला लागणारा हात वेगळे आहेत का, भांडी वाहत्या पाण्याखाली धुतली जातात की एकाच बादलीत बुडवली जातात, तळणीच्या तेलाला फेस आणि झोंबरा धूर येतो का, हेही बघून घ्यावे.

एका पदार्थाबद्दल विशेष सावध करावेसे वाटते, कारण त्याच्याविषयी कोणाला शंकाच येत नाही, आणि तो म्हणजे भात. तांदळात आढळणाऱ्या बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू शिजवल्यानंतरही तगून राहतात. भात तासन्‌तास बाहेर राहिला की ते रुजतात आणि एक विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्यानेही नाहीसे होत नाही. त्यामुळे ‘वाफाळता दिला, म्हणजे ताजाच असणार’ असे समजू नये.

प्रश्न : खाण्यापेक्षा मला पेयांचे आकर्षण अधिक आहे. सरबते आणि ताजे रस रस्त्यावर प्यावेत का?

उत्तर : येथे मी खाण्यापेक्षा अधिक काटेकोर राहीन. शिजवलेल्या अन्नाला आचेचे संरक्षण मिळते, थंड पेयाला ते मिळत नाही.

या संदर्भात लंडनच्या सोहो वस्तीतील १८५४ची पटकीची (कॉलऱ्याची) साथ आठवते. ब्रॉड स्ट्रीटवरील एका हातपंपाच्या पाण्यातून ती पसरली, हे डॉ. जॉन स्नो यांनी घरोघर चौकशी करून दाखवून दिले. त्या साथीत ६००हून अधिक माणसे दगावली. स्नो यांच्या नोंदींतील मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग त्या वस्तीच्या खाण्यापिण्याविषयीचा आहे. पंपाचे पाणी तेथील जेवणघरांत आणि कॉफीच्या दुकानांत दिले जात होते, मद्यालयांत दारूत मिसळले जात होते आणि लहान दुकानांत फसफसणारी चमचाभर पूड घालून सरबत म्हणूनही विकले जात होते. एका कॉफीच्या दुकानाच्या मालकिणीने आपल्याकडची नऊ गिऱ्हाइके मरण पावल्याचे त्यांना सांगितले होते. त्या दुकानांपैकी कोणीही जाणूनबुजून वाईट पेय विकले नव्हते. पाणी कोठून येते, हे कोणाच्या ध्यानातच आले नव्हते.

म्हणून सरबतवाल्याला पाणी आणि बर्फ कोठून येतो, हे नम्रपणे विचारावे. चोख काम करणारा विक्रेता या प्रश्नाने रागावत नाही, उलट मोकळेपणाने सांगतो. गोठल्यामुळे पाण्यातील सारे जंतू मरत नाहीत, त्यामुळे बर्फाबाबत खात्री नसेल तर तो नको म्हणून सांगावे. फळ आपल्यासमोर सोलून, पाणी न घालता काढलेला रस घ्यायला हरकत नाही. उकळता चहा किंवा कॉफी सर्वांत निर्धास्त, फक्त पेला कसा धुतला जातो तेवढे पाहावे.

प्रश्न : अलीकडेच एका खानावळीत जेवल्यावर दुसऱ्या दिवशी मला जुलाब झाले. मी तेथे जाणे बंद केले आणि शेजाऱ्यांनाही सांगितले. हे बरोबर झाले ना?

उत्तर : आपला त्रास खरा आहे, पण निष्कर्ष घाईचा वाटतो. शेवटी जेथे खाल्ले तेथेच दोष असतो, असे आपण गृहीत धरतो. अन्नात आधीच तयार झालेल्या विषाने होणारी उलटी काही तासांत सुरू होते. साल्मोनेला जंतूचा त्रास सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंत केव्हाही दिसू शकतो. आणि दूषित अन्नपाण्यातून होणारी ‘अ’ प्रकारची कावीळ तर काही आठवड्यांनी प्रकट होते. त्यामुळे गेल्या दोन-तीन दिवसांत घरी आणि बाहेर काय काय पोटात गेले, ते आठवून लिहून काढावे. त्याच जेवणातल्या इतरांनाही त्रास झाला असेल, तर संशयाला बळ मिळते; अशा वेळी आधी मालकाला आणि गरज पडल्यास स्थानिक आरोग्य खात्याला कळवावे. खात्री नसताना शेजारीपाजारी बोलल्याने एखाद्या कष्टाळू माणसाची रोजीरोटी जाऊ शकते, याची जाणीव असावी. जुलाबांत क्षारसंजीवनीचे पाणी घेत राहावे. शौचावाटे रक्त, तीव्र ताप, पाणीही न टिकणे ही लक्षणे दिसली, किंवा रुग्ण लहान मूल, वृद्ध वा गरोदर स्त्री असेल, तर विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे.

प्रश्न : येथील पदार्थ मला फार तिखट लागतात. पाणी पिऊनही आग शमत नाही.

उत्तर : मिरचीतील कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे पाण्याने ते तोंडभर पसरते. दूध किंवा दही घ्यावे. दुधातील केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला वेगळे करून घेते. सवय हळूहळू होते, तोपर्यंत तिखट कमी घालायला सांगण्यात कोणताही कमीपणा नाही.

प्रश्न : सुटीच्या दिवशी आम्ही मित्र एकाच फेरीत आठ-दहा ठिकाणी खातो. पहिले दोन पदार्थ अप्रतिम लागतात, नंतर मजा उरत नाही. असे का होते?

उत्तर : एकच चव वारंवार घेतली की तिची गोडी उतरते आणि वेगळ्या चवीची मात्र टिकून राहते, हे आहारविषयक संशोधक बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१च्या सुमारास प्रयोगांनी दाखवले आहे. आपल्या फेरीत एकापाठोपाठ एक तळलेलेच पदार्थ येत असतील, तर तिसऱ्या घासापासून जीभ कंटाळते. तळलेल्यानंतर आंबट, मग मऊ, मग गार, असा क्रम ठेवून पाहावा आणि प्रत्येक पदार्थ वाटून घ्यावा.

दुसरे कारण गोंगाटाचे. मोठ्या आवाजात गोड आणि खारट चव फिकी लागते, असे २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आढळले आहे. त्यामुळे वाहतुकीच्या कोलाहलात उभे राहण्यापेक्षा जवळच्या शांत गल्लीत जाऊन खावे; मात्र पदार्थ बांधून दूर नेऊ नये, कारण बंद डब्यातील वाफेने कुरकुरीत कवच काही मिनिटांत मऊ पडते. माझे वैयक्तिक मत विचाराल, तर एका फेरीत तीनच ठिकाणे पुरेत. उरलेल्या ठिकाणी पुढच्या सुटीला जावे, आणि शक्यतो त्यांचा पहिला घाणा निघतो त्या वेळी.